कायदा गेला, नोंद राहिली

1920 साली ब्रिटिश हिंदुस्थानात कैद्यांची ओळख पटवण्यासाठी एक कायदा झाला. अटक केलेल्या माणसाच्या बोटांचे आणि पावलांचे ठसे, शरीराची मापे आणि छायाचित्र घेण्याची तरतूद त्याने केली. पोलिसांचे हात बळकट करणाऱ्या या कायद्यात सातवे कलम मात्र अटक झालेल्या माणसाच्या बाजूचे होते. ज्याला पूर्वी मोठी शिक्षा झालेली नाही असा माणूस खटल्याविना सुटला किंवा न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, तर त्याची घेतलेली सारी मापे आणि छायाचित्रे, अगदी निगेटिव्ह आणि प्रतींसह, नष्ट करायची किंवा त्याच्या हाती सोपवायची. ती ठेवायचीच असतील तर त्याची कारणे न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने लेखी नोंदवायची. दोष सिद्ध न झालेल्या माणसाच्या मागे अटकेचा कागद जन्मभर लागू नये, हे परक्या सरकारलाही कळत होते.

त्याच काळात सोलापुरात, कापड गिरण्यांच्या आसपास, तारेच्या कुंपणाआड शेकडो कुटुंबे राहत होती. त्यांतल्या कित्येकांना कधी अटक झाली नव्हती. कोणत्याही न्यायाधीशासमोर ते उभे राहिले नव्हते. तरी त्यांची नावे सरकारी नोंदवहीत होती आणि त्यांना रोज हजेरी द्यावी लागत होती. त्यांच्यावर खटलाच नव्हता, म्हणून निर्दोष सुटण्याचा मार्गही नव्हता. सातवे कलम त्यांच्या उपयोगाचे नव्हते. सरकारच्या लेखी त्यांचा गुन्हा एवढाच होता की ते एका विशिष्ट जमातीत जन्मले होते.

ही नोंदवही का उघडली गेली, तिच्यात महाराष्ट्रातली कोणती माणसे अडकली आणि कायदा रद्द झाल्यावरही ती पुरती बंद का झाली नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. अटकेची जुनी नोंद पुसून माणसाला नव्याने सुरुवात करू द्यावी की नाही, यावर आज न्यायालयांत वाद चालतात. त्या वादात या लोकांचा अनुभव सर्वांत जुना आणि सर्वांत कडू आहे.

12 ऑक्टोबर 1871 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला. त्या वर्षीचा हा 27 वा कायदा. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात तेव्हा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे कायदा सदस्य होते. कायद्याला पार्श्वभूमी होती ठगांच्या बंदोबस्ताची. ठगांचा बीमोड करणारा ब्रिटिश अधिकारी स्लीमन याच्या काळापासून ठगी खात्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेऊन वंशावळी तयार केल्या होत्या, आणि गुन्हा हा घराण्यात चालतो ही समजूत सरकारी कामकाजात रुजली होती. तिला जातिव्यवस्थेच्या वरवरच्या ज्ञानाची जोड मिळाली. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा युक्तिवाद होता.

या जमाती पोटासाठी पूर्वी काय करत होत्या आणि त्यांचा धंदा का बुडाला, हे त्या युक्तिवादात कुठेच नव्हते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य देशभर नेत. 1853 मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत रूळ जसजसे पसरले, तसतसा तांड्यांचा व्यापार आटला. पारधी शिकारीवर जगत. वनकायद्यांनी जंगल सरकारी झाले आणि शिकार हा अपराध ठरला. रामोशी गावांची आणि किल्ल्यांची राखण करत. पेशवाई बुडाल्यावर त्यांची वतने आणि मान दोन्ही गेले, आणि उमाजी नाईकांच्या बंडानंतर सरकारची नजर त्यांच्यावर कायमची बसली. घर नसलेला, शेत नसलेला, आज इथे तर उद्या तिथे असणारा माणूस शेतसाऱ्यावर चालणाऱ्या राज्याला नकोसा होता. त्याला एका जागी बांधून ठेवण्याचे साधन म्हणजे हा कायदा.

कायद्याची रीत सोपी होती. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करतो असे स्थानिक सरकारला वाटले, की ती गुन्हेगार जमात म्हणून जाहीर करायची. मग दंडाधिकाऱ्याने तिच्यातल्या माणसांची नोंदवही तयार करायची. आपण त्या जमातीचे नाही अशी तक्रार एखाद्याला करता येई. पण जमात गुन्हेगार आहे हे सरकारचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला ठेवला नव्हता. नोंद झालेल्याने गाव सोडताना पास घ्यायचा, ठरलेल्या ठिकाणी हजेरी द्यायची. गावच्या पाटलाने आणि राखणदाराने त्याच्या हालचाली कळवायच्या. म्हणजे शेजारीही पहारेकरी झाले.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू होता. 1876 मध्ये तो बंगालात गेला आणि 1911 च्या नव्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पोचला. दरम्यान पोलिसांच्या हाती एक नवे शास्त्र आले होते. 1897 मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेलेल्या त्या वर्गीकरणामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी कर्मचाऱ्यांची बुद्धी होती. 1911 च्या कायद्याने नोंदवहीतल्या कोणाच्याही बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा दिली. पूर्वी माणूस दूर गावी जाऊन, वेगळे नाव सांगून नवा संसार मांडू शकत होता. ठशांनी तो रस्ताही बंद केला.

शिक्षेचे गणितही या लोकांसाठी वेगळे होते. परिशिष्टातल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरला तर निदान सात वर्षे कैद, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळे पाणी. न्यायाधीशाला सौम्य शिक्षा द्यायची असेल तर त्यासाठी विशेष कारणे असावी लागत. नोंद असलेला माणूस चोरी करण्याच्या बेतात होता असे परिस्थितीवरून न्यायालयाला वाटले, तर चोरी झालेली नसतानाही तीन वर्षांपर्यंत कैद. आणि सर्वांत क्रूर तरतूद मुलांची. सहा वर्षांवरची मुले आईबापांपासून काढून सुधारगृहात किंवा औद्योगिक शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला. बापाची नोंद मुलाकडे जाणार हे गृहीत होते, म्हणून मुलालाच बापापासून तोडायचे. 1924 च्या कायद्याने या सगळ्या तरतुदी एकत्र केल्या, आणि पुढची 28 वर्षे तोच कायदा चालला.

मुंबई इलाख्यात या कायद्याला एक खास रूप मिळाले, ते म्हणजे सेटलमेंट. ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने 1910 च्या सुमारास विजापुरात काम सुरू केले. विजापूर, गदग, हुबळी, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती झाल्या. हातांना काम मिळाले आणि मुलांना शाळा मिळाली तर ही माणसे बदलतील, असा स्टार्टचा विश्वास होता. कामाची जागा म्हणून सोलापूर सोयीचे होते. तिथे कापड गिरण्या होत्या आणि गिरण्यांना मजूर हवे होते. कैकाडी, पारधी, भामटे, मांग गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे तिथे आणून वसवली गेली. वसाहतीच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशनचा मोठा भाग होता. मिशनऱ्यांनी शाळा चालवल्या, दवापाण्याची व्यवस्था केली. त्या शाळांतून अनेक घरांतली पहिली अक्षरओळख झालेली पिढी बाहेर पडली, हे नाकारता येणार नाही.

पण ही शाळा आणि ही गिरणी कुंपणाच्या आतली होती. गिरणीत जायचे ते परवानगीने, परत यायचे ते हजेरीच्या वेळेला. गिरणीचा साधा कामगार मजुरी पटली नाही तर काम सोडून गावी जाऊ शकत होता, पण सेटलमेंटमधला कामगार न सांगता शहराबाहेर गेला तर तो गुन्हा होता. मालकाला बांधलेला मजूर मिळाला आणि सरकारला बंदोबस्ताचा खर्च कमी पडला. नातेवाइकाच्या मयतीला जायचे तरी पास, जत्रेला जायचे तरी पास. पास संपण्याआधी परतले नाही की शिक्षा, आणि ती शिक्षा पुन्हा त्याच नोंदवहीत. अशा रीतीने ज्याने चोरी केलेली नाही त्याच्या नावापुढेही गुन्हे जमत गेले. कायद्याने ज्याला आधी गुन्हेगार म्हटले, त्याला त्याच कायद्याने पुराव्यानिशी गुन्हेगार करून दाखवले.

नोंदीतून सुटण्याची एक वाट स्टार्टच्या व्यवस्थेत होती. ज्याचे वर्तन काही वर्षे चांगले दिसले त्याला कुंपणाबाहेरच्या वस्तीत घर मिळे. तिला फ्री कॉलनी म्हणत. तिथून पुढे सशर्त सुटका. सोलापुरात आजही सेटलमेंट फ्री कॉलनी या नावाच्या वस्त्या आहेत आणि त्या कुटुंबांची नातवंडे-पतवंडे तिथे राहतात. नव्याने सुरुवात करण्याची या इतिहासातली ही पहिली सरकारी तजवीज. तिचा दोष असा की ती हक्काने मिळणारी नव्हती. ती साहेबाच्या मर्जीवर होती. वर्तन चांगले की वाईट हे साहेब ठरवणार, आणि दिलेली मोकळीक तो केव्हाही परत घेऊ शकणार. ज्याचा दोष कधी सिद्ध झालेला नव्हता, त्याला स्वतःचे निर्दोषत्व वर्षानुवर्षे वागून दाखवावे लागत होते.

  

1930 च्या दशकात कायद्याविरुद्ध राष्ट्रीय नेत्यांचा आवाज उठू लागला. 1936 मध्ये नेल्लोरला जवाहरलाल नेहरूंनी या कायद्यातल्या तरतुदी नागरी स्वातंत्र्याच्या विरोधी असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि कोणत्याही जमातीला जन्मावरून गुन्हेगार ठरवता येत नाही अशी भूमिका घेतली. 1937 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि गृहमंत्री क. मा. मुन्शी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीने 1939 पर्यंत या प्रश्नाची चौकशी केली. स्वातंत्र्यानंतर मद्रासने 1947 मध्ये आणि मुंबईने 1949 मध्ये कायदा काढून टाकला. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समानतेचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेत असा कायदा टिकणे शक्य नव्हते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून रद्द झाला. या कायद्यातून सुटलेला, म्हणून विमुक्त म्हटला जाणारा समाज हा दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतो. देशाचे स्वातंत्र्य आणि या लोकांचे स्वातंत्र्य यांत पाच वर्षे सोळा दिवसांचे अंतर पडले.

माझ्या मते याच ठिकाणी स्वतंत्र भारताच्या हातून मोठी चूक झाली. रद्द करणारा कायदा अगदी छोटा होता. जुना कायदा आता लागू नाही, इतकेच त्याने सांगितले. आठ दशकांत जमा झालेल्या नोंदवह्यांचे, ठशांचे, ठाण्याठाण्यांतल्या याद्यांचे काय करायचे, याविषयी त्यात काही नव्हते. 1920 च्या कायद्यातली नष्ट करण्याची तरतूद या लोकांसाठी कोणी आणली नाही. उलट राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा 1959 चा आहे. त्यात जातीचे नाव नव्हते, व्यक्तीच्या शिक्षा मोजून तिला सराईत ठरवायचे होते. कागदावर हा फरक मोठा होता. पण ज्या शिक्षा मोजायच्या त्या आधीच्या कायद्याने ज्यांच्या नावावर रचल्या होत्या, तीच माणसे नव्या यादीतही आधी सापडली. पोलिसांच्या बोलण्यात पूर्वीची गुन्हेगार जमात हा शब्द राहिला. रात्री गावात घरफोडी झाली की पहाटे पालांवर गाडी यायची, ती पुढेही येत राहिली.

हे सगळे मराठी वाचकांपुढे आले ते त्याच समाजांतून आलेल्या लेखकांमुळे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ 1980 मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ 1987 मध्ये. दोघांनाही साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’मधून बेळगाव परिसरातल्या बेरडांची कहाणी सांगितली. या आत्मकथनांनी मराठी साहित्याला नवा अनुभव दिला असे आपण म्हणतो. मी त्यांच्याकडे साक्षीच्या जबान्या म्हणूनही पाहतो. न्यायालयाने ज्यांना बोलू दिले नाही, त्यांनी पुस्तकांतून आपली बाजू मांडली.

फेब्रुवारी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात खेडिया शबर या विमुक्त जमातीचा बुधन शबर पोलीस कोठडीतल्या छळानंतर मरण पावला. लेखिका महाश्वेता देवी यांनी हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात लढवले आणि न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त आणि भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. पुढे बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या दोन महाराष्ट्रीय कार्यकर्त्यांच्या अध्यक्षतेखाली दोन राष्ट्रीय आयोग झाले. रेणके आयोगाचा अहवाल 2008 मध्ये आला. कित्येक कुटुंबांकडे रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, राहण्याचा पुरावा नाही, हे त्यातून पुढे आले. ज्यांची कित्येक पिढ्यांची नोंद राज्याने ठसे घेऊन ठेवली, त्यांच्याकडे शाळेत मूल घालायला लागणारा कागद नव्हता. याहून मोठा अन्याय मला सुचत नाही. महाराष्ट्राने 14 विमुक्त जातींची यादी करून त्यांना स्वतंत्र आरक्षण दिले, हे मोलाचे काम आहे. पण दाखल्यावाचून आरक्षण हाती येत नाही, आणि चारित्र्य पडताळणीत जुनी अटक निघाली की मिळालेली नोकरीही धोक्यात येते.

2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आले. मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटचा, म्हणजे ठाण्याने एखाद्याला गुन्हेगार मानून ठेवलेल्या नोंदीचा, विचार केला. हा ठाण्यातला अंतर्गत कागद आहे, तो चव्हाट्यावर आणायचा नाही, त्यात अल्पवयीन नातेवाइकांचा तपशील कारणावाचून घालायचा नाही, आणि मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावे यंत्रवत त्यात जाऊ नयेत यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी तपासणी करावी, असे न्यायालयाने सांगितले. 3 ऑक्टोबर रोजी सुकन्या शांता प्रकरणाचा निकाल आला. मुंबईच्या या पत्रकाराने तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध याचिका केली होती. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींविषयी जुन्या कायद्याची भाषा शिल्लक होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. कायदा रद्द झाल्यापासून या निकालापर्यंत 72 वर्षे गेली होती.

नव्याने सुरुवात करू देण्याचे तत्त्व आपल्या कायद्याला अनोळखी नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात ते नावानिशी आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाची नोंद, अपवाद सोडल्यास, ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायची आणि ती त्याच्या पुढच्या आयुष्यात अपात्रता ठरू द्यायची नाही. 1920 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2022 च्या कायद्याने मापे आणि ठसे 75 वर्षे ठेवण्याची मुभा दिली असली, तरी खटल्याविना किंवा निर्दोष सुटलेल्याच्या नोंदी काढून टाकण्याची तरतूद त्यातही आहे, अर्थात न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने वेगळा लेखी आदेश दिला नाही तर. मग जी माणसे कधी आरोपीच नव्हती, त्यांच्या नावाने राहिलेल्या नोंदींसाठी अशी तरतूद का नसावी?

विमुक्त दिनाला हारतुरे आणि भाषणे होतात, ती व्हावीत. पण त्या समाजाला खरोखर मोकळे करायचे असेल तर महाराष्ट्र सरकारने दोन गोष्टी कायद्याने कराव्यात. प्रत्येक पोलीस ठाण्यातल्या हिस्ट्रीशीट आणि सराईतांच्या याद्या बाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्याकडून तपासून घ्याव्यात आणि ज्या नावामागे शाबित गुन्हा नाही ते नाव कायमचे काढावे. आणि आपल्याविषयी ठाण्यात काय लिहिले आहे हे पाहण्याचा, ते चुकीचे असल्यास खोडून मागण्याचा हक्क त्या माणसाला द्यावा. सेटलमेंटमध्ये सुटका साहेबाच्या मर्जीने मिळत होती, इथे ती हक्काने मिळाली पाहिजे. आपण वाचकांनीही एवढे करावे: गावात किंवा सोसायटीत चोरी झाल्यावर जवळच्या पालाकडे बोट दाखवणाऱ्याला तिथेच थांबवावे आणि पुरावा विचारावा. 1871 चा कायदा सरकारने केला असला, तरी तो गावोगावी चालवला शेजाऱ्यांच्या संशयाने. तो संशय आपण सोडला नाही, तर ठाण्यातला कागद फाडूनही काही उपयोग होणार नाही.